घोड्यासमोरचं प्यादं

बेळगावच्या शहापुरात आमची जोडी ओळखली जायची ती पेटी-तबल्यामुळं. दर शनिवारी संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळात बुवांचं कीर्तन असे. पेटीवर मी, तबल्यावर देवाप्पा. बुवांची पट्टी काळी दोन. ते उभे राहण्याआधी मी त्या पट्टीवर बोट ठेवून भाता ओढायचो आणि देवाप्पा हातोडीनं गठ्ठे ठोकत तबला त्या स्वराला आणायचा. माझं बोट कुठं आहे ते त्यानं कधी बघितलं नाही. डोळे मिटून ऐकायचा, ठोकायचा, पुन्हा ऐकायचा. जमलं की मान हलवायचा आणि आम्ही दोघं एकदमच बुवांकडं बघायचो. त्या एका क्षणासाठी मी सबंध आठवडा काढायचो असं म्हटलं तरी चालेल. कीर्तन तर देवाचंच असतं, पण त्याआधीचा तो स्वर आमच्या दोघांचा होता.

आम्ही नोकरीलाही एकाच कॉलेजात. मी गणित शिकवायचो, तो इलेक्ट्रॉनिक्स. तो निपाणीचा, माझं गाव खानापूरकडं. सत्त्याऐंशी साली कॉलेजात कॉम्प्युटर आले आणि त्या खोलीची किल्ली देवाप्पाकडं आली. खोलीला जाड पडदे होते, आत थंडगार, चपला बाहेर काढायच्या. पहिल्या दिवशी आत शिरताना माझे हात आपोआप जोडले गेले.

देवाप्पा खो-खो हसला. "मष्णू, घंटा बांधू काय रं दाराला?"

"बांध की. तुझी पोरं तरी वेळेवर येतील."

त्याच पावसाळ्यात बेंगळूरच्या एका संस्थेनं स्पर्धा जाहीर केली. बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहून आणायचा, तिथं प्रोग्रॅमांचेच आपापसांत डाव लावणार. प्रिन्सिपलांनी कन्नडमध्ये नोटीस काढली आणि कुणी पुढं येईना म्हणून आम्ही दोघं पुढं आलो. मशीनला खेळायला शिकवणं हे देवाप्पाचं काम. त्यात मी चार ओळींचीही भर घातली नाही. पण खेळायला येणं निराळं आणि चांगलं खेळणं निराळं. मशीन करायचं काय, तर तीन चाली पुढंपर्यंत डाव कुठं कुठं जाईल ते सगळं बघायचं, आणि प्रत्येक ठिकाणी मोहऱ्यांच्या किमतीची बेरीज करून जिथं आपली बाजू जड, ती चाल खेळायचं. मग कुठल्या मोहऱ्याला किती किंमत द्यायची, यावर सगळं आलं. त्या आकड्यांना आम्ही वजनं म्हणायचो. वजनं ठरवायचं काम माझ्याकडं होतं.

इथं मला आप्पांचा पट आठवला.

आप्पा, म्हणजे माझे वडील, रवळनाथाच्या देवळाच्या कट्ट्यावर देशी बुद्धिबळ खेळायचे. त्या खेळात प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्या घराचं जे मोहरं, तेच होतं. घोड्याच्या घरात पोचलं तर घोडा, हत्तीच्या घरात हत्ती. राजा-वजिराच्या घरात पोचलं तरच वजीर. म्हणून आप्पा मधली दोन प्यादी जिवापाड जपायचे, आणि घोड्यासमोरचं प्यादं मात्र खुशाल मरू द्यायचे. "घोड्यासमोरचं म्हंजे घरजावई," म्हणायचे, "गेला तर रडायचं न्हाय." मी लहानपणापासून तोच खेळ खेळलो. म्हणून मी प्याद्यांना सरसकट एक वजन न देता, पटावरच्या उभ्या पट्ट्यांप्रमाणं आठ वेगळी वजनं दिली. मधली महाग, घोड्यासमोरची सगळ्यांत स्वस्त.

देवाप्पानं ते बघून कपाळाला हात लावला. "येडा हैस काय? इंटरनॅशनल खेळात कुठलंबी प्यादं वजीर हुतंय. तुझ्या गावचा नियम बेंगळुरात कोण इचारतंय?"

"नियम न्हाय रं. पण आप्पा हरत न्हाईत, ह्येचं काय?"

"कुणाबरोबर हरत न्हाईत? गुरवाबरोबर?"

मग तोड मीच काढली. आमच्या देवळात रामनवमीला जुगलबंदीचं कीर्तन होई. एक बुवा ज्ञानाची बाजू मांडत, दुसरे भक्तीची, आणि आम्ही श्रोते कुणाचं पटतं ते बघत असू. म्हटलं, तसंच करू. दोन मशीन शेजारी-शेजारी ठेवू, दोन्हींत तोच प्रोग्रॅम, एकात तुझी वजनं, दुसऱ्यात माझी. बाकी सगळं सारखं. एकाची चाल दुसऱ्यात हातानं टाकायची. जी वजनं जिंकतील ती बेंगळूरला जातील. नावं मात्र दोघांची.

"कबूल," देवाप्पा म्हणाला. "पण पंच कोण?"

"पंच कशाला पायजे? तू हैस की."

हे मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

रविवारी सकाळी आम्ही डाव लावायला लागलो. देवाप्पा आधी जाऊन दोन्ही मशीन सुरू करून ठेवायचा. मी कचोरी बांधून घेऊन जायचो. रंग चिठ्ठीनं ठरायचा. मशीन विचार करायला लागलं की पडद्यावर काही हलायचं नाही, तेवढा वेळ बसवत नसे म्हणून मी अभंग गुणगुणायचो. असं करता करता माझ्या ध्यानात आलं, की माझं मशीन अभंगाच्या दुसऱ्या चरणालाच चाल देतं आणि देवाप्पाचं मात्र, चौथं चरण संपून ध्रुपद परत यायला लागलं तरी घुमतच असतं.

मला काय आनंद झाला! "बघ रं," म्हटलं, "माझं पोरगं पाठांतराला पक्कं हाय. तुझं अजून आठवतंय."

देवाप्पा पडद्याकडंच बघत होता. "हुशार हाय," तो म्हणाला, "पण उतावळं हाय."

आणि माझं पोरगं हरलं. पुढच्या रविवारी हरलं, त्याच्या पुढच्याही. कधी बरा खेळ मांडायचं, मधला पट धरून ठेवायचं, मी मांडीवर ताल धरायला लागायचो, आणि मग समोर दिसणाऱ्या सापळ्यात आंधळ्यासारखं जाऊन पडायचं. एका डावात तर हत्ती फुकट दिला. मी पुन्हा रंग बदलून बघू म्हटलं, वजनं थोडी इकडं-तिकडं करून बघू म्हटलं. देवाप्पा प्रत्येक वेळी "बघूया की" म्हणायचा. कधी घाई केली नाही, कधी हसला नाही. उलट एकदा मला म्हणाला, "मनाला लावून घेऊ नको रं. गावचा खेळ आपल्या जागी चांगला."

त्याच्या त्या समजूतदारपणानं मी विरघळलो. म्हटलं, "देवाप्पा, तुझीच वजनं घाल. आणि माझं नाव काढ."

"असं कसं? दोघांची ठरलीत न्हवं?"

"माझं त्यात हाय तरी काय आता? वजनं तुझी, लिहिणं तुझं. फुकटचं नाव लावून मला बुवांच्या डोळ्यांत बघता यायचं न्हाय."

त्यानं दोन्ही मशीन बंद केली. मग म्हणाला, "तू म्हणतोस तर."

घरी बायकोला, मालुबाईला, सांगितलं तर ती भाकरी थापता थापता थांबली. "मशीन कोण सुरू करून ठेवत हुतं?"

"देवाप्पा."

"आणि तुम्ही?"

"मी नंतर जायचो."

"बरं," एवढंच म्हणाली आणि पुन्हा थापायला लागली. मला तिचा राग आला. वीस वर्षं ज्याच्या ठेक्यावर आपण भजन म्हणतो त्याच्याबद्दल असा विचार मनात आणायचा म्हणजे काय!

गावी गेलो तेव्हा आप्पा कट्ट्यावर बसले होते. मशीनमध्ये त्यांची प्यादी घातली आहेत हे मी त्यांना आधी सांगून बसलो होतो आणि त्यांनी ते सबंध गावाला सांगितलं होतं. मला बघताच हाक मारली, "काय झालं रं माझ्या प्याद्यांचं?"

"हरली, आप्पा."

आप्पांनी पान तोंडात टाकलं. बराच वेळ चघळत राहिले. "मशीन म्हणतंय म्हंजे खरंच असंल," म्हणाले. "मशीनला कुणाची भीड न्हाय." भावकू गुरव पट घेऊन आला होता, त्याला म्हणाले, "आज नगं."

उद्याही नको म्हणाले असणार. मी सुट्टी संपवून बेळगावला आलो. आप्पा त्याच दिवाळीच्या आधी गेले. थोडाच ताप होता, पण गेले. दिवसकार्य झाल्यावर त्यांचा पट मीच गुंडाळून बरोबर आणला.

देवाप्पा बेंगळूरला जाऊन पहिला आला. पेपरात फोटो आला. तिथल्याच एका कंपनीनं त्याला बोलावलं, पगार आमच्या कॉलेजच्या मानानं सांगवणार नाही असा. मी देवळात पेढे वाटले. खोटं कशाला सांगू, मला अभिमानच वाटला.

निपाणीकरांनी त्याचा सत्कार ठेवला. स्वागतगीताला पेटी वाजवायला मी पाहिजेच, असा त्याचाच निरोप आला. मी मालुबाईला घेऊन सकाळच्या एसटीनं गेलो. संकेश्वरच्या पुढं दोन्ही बाजूंना ऊस उभा होता आणि मी खिडकीत बसून स्वागतगीताच्या चाली लावत होतो. हॉल गच्च भरलेला. स्टेजवर टेबल, टेबलावर मशीन, मागं भिंतीवर मोठा पट टांगलेला. सत्कार झाला, हार-तुरे झाले, आणि मग तालुक्यात बुद्धिबळात नाव असलेले एक डॉक्टर मशीनसमोर खेळायला बसले. मी पेटी झाकून पहिल्याच रांगेत बसलो होतो.

डॉक्टरांनी चाल केली. मशीन विचार करायला लागलं. मी सवयीनं गुणगुणायला लागलो. दुसरं चरण गेलं, तिसरं गेलं, चौथं संपून ध्रुपद परत आलं आणि मग चाल आली. मनात म्हटलं, हे देवाप्पाचं पोरगं. सावकाश, खोल बघणारं.

थोड्या चालींनंतर डॉक्टरांच्या वजिरानं घोड्यासमोरच्या प्याद्यावर नजर लावली. साधी गोष्ट होती, ते प्यादं वाचवता येत होतं. देवाप्पाच्या वजनांत सगळी प्यादी सारखी, एकही फुकट सोडायचं नाही, अशी ती वजनं. त्याच्या मशीनसमोर इतके रविवार बसून मला ते पाठ झालं होतं. मी वाट बघत होतो. पूर्ण अभंग झाला आणि मशीननं ते प्यादं तसंच सोडून राजासमोरचं प्यादं सांभाळलं.

माझं गुणगुणणं थांबलं.

डॉक्टरांनी खुशीत प्यादं खाल्लं. लोक हळहळले. मशीननं मधला पट धरला आणि सोडला नाही. डॉक्टरांचा वजीर कोपऱ्यात अडकून पडला. मला भिंतीवरचा पट दिसत नव्हता, मला रवळनाथाचा कट्टा दिसत होता. घरजावई गेला होता आणि कुणी रडत नव्हतं.

हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मालुबाई माझ्याकडं बघत होती. "काय झालं?"

"आप्पा खेळत्यात गं," मी म्हटलं.

हॉलच्या मागं पडवी होती. शेजारच्या वखारीतल्या तंबाखूचा वास तिथं भरून राहिलेला. देवाप्पा गळ्यातले हार काढून चहा घेत होता. मला बघून हसला. "डॉक्टरची लई फजिती झाली न्हवं?"

"प्यादी माझी हायत, देवाप्पा."

कप त्याच्या तोंडापाशीच थांबला.

"माझ्या मशीनला काय केलं हुतंस?"

त्यानं इकडं-तिकडं बघितलं. कुणी नव्हतं. "दोन चाली," म्हणाला. "तुझं दोनच चाली पुढं बघत हुतं. माझं तीन."

म्हणजे उतावळं नव्हतं. त्याला बघूच दिलं नव्हतं. आणि मी लवकर उत्तर देतंय म्हणून त्याचं कौतुक करत होतो.

"आणि तुला कधी कळलं, माझी वजनं चांगली हायत म्हणून?"

"तू दिलीस त्याच दिवशी. मी एकट्यानं डाव लावून बघितलं. माझी सारखी हराय लागली." कप त्यानं कठड्यावर ठेवला. "हे बघ मष्णू, सगळा प्रोग्रॅम मी लिवलाय. रात्रीच्या रात्री घातल्यात. तुझं म्हंजे आठ आकडे. आठ! आणि तू बेंगळूरला जाऊन काय करणार हुतास? शनिवारी कीर्तन चुकतंय म्हणून शुक्रवारीच परत आला असतास. नोकरी दिली असती तर घेतली असतीस?"

"नसती घेतली."

"मग? तुझं गेलं काय? आणि नाव काढ म्हणून तूच म्हणालास. मी काय तुझ्या तोंडात घातलं व्हय?"

"मागितलं असतंस तर दिलं असतं रं," मी म्हटलं. "आठच्या आठ. तुला ठावं हुतं, मी न्हाय म्हणलो नसतो."

खरं तर तिथंच थांबायला हवं होतं, पण थांबवेना. "आप्पांनी इचारलं हुतं, काय झालं म्हणून. मी सांगितलं, हरली. त्यांनी पट हातात घेतला न्हाय परत."

देवाप्पाचा चेहरा उतरला. एवढं मात्र त्याला ठाऊक नव्हतं. "मला सांगितलं न्हाईस?" तो हळूच म्हणाला.

"काय सांगणार? मला खरंच वाटलं की. आप्पांपेक्षा तुझं खरं वाटलं."

आतून कुणीतरी त्याला हाक मारली, फोटो काढायचा होता. त्यानं हार पुन्हा गळ्यात घातले आणि आत गेला.

परतीच्या एसटीत मी मालुबाईला सगळं सांगितलं. बेळगाव जवळ आलं तशी म्हणाली, "शनिवारी त्यो तबल्याला आला तर बसू नका तुम्ही त्याच्याजवळ."

"कीर्तन माझं हाय व्हय गं?"

"मग कुणाचं हाय?"

मी वर बोट दाखवलं. तिनं पदर तोंडाला लावून खिडकीकडं मान फिरवली.

शनिवारी तो आला. रविवारी सामान घेऊन बेंगळूरला जाणार होता, तेव्हा हे शेवटचंच. देऊळ भरलेलं. बायका एका बाजूला, त्यांत मालुबाई. बुवा धोतराचा सोगा नीट करत उभे. देवाप्पा येऊन त्याच्या जागी बसला, तबल्यावरचं कापड काढलं. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही.

"द्या स्वर," बुवा म्हणाले.

मी भाता सोडला. बोट पट्ट्यांवर आलं आणि तिथं थांबलं.

काळी दोनच्या शेजारीच पांढरी आहे. बोट एवढंसं सरकवलं असतं तर पुरे होतं. त्यानं डोळे मिटून तबला त्या स्वराला लावला असता आणि बुवांनी काळी दोनमध्ये तोंड उघडलं असतं. भरल्या देवळात त्याचा तबला बेसूर बोलला असता. लोकांनी त्याच्याकडं बघितलं असतं, माझ्याकडं नाही. स्वर कुठून आला ते कुणी विचारलं नसतं. इतकं सोपं होतं ते. इतकं सोपं असतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्या थंडगार खोलीत एकटा बसून त्यानं तीनचे दोन केले असतील तेव्हा त्याचं बोट किती वेळ थांबलं असेल, हेही मनात येऊन गेलं.

समोर विठ्ठल उभा होता. कीर्तन त्याचं होतं. मी काळी दोन दाबली.

भाता ओढला, स्वर देवळात भरला. शुद्ध, जसा दर शनिवारी असायचा तसा. देवाप्पानं हातोडी उचलली. डोळे मिटले. आता कुठं मी त्याच्याकडं बघितलं. वाटलं, निदान एवढं तरी उरलंय.

त्यानं डोळे उघडले. माझ्या बोटाकडं बघितलं. मग हातोडी खाली ठेवली, मान वर केली आणि बुवांना विचारलं,

"बुवा, हीच काय पट्टी?"

बुवा चकित झाले. "हीच की. वीस वर्षं हीच हाय. आज काय नवीन?"

"न्हाय, उगंच," देवाप्पा म्हणाला, आणि गठ्ठे ठोकायला लागला.

मी भाता ओढत राहिलो. त्याचा तबला जमेपर्यंत बोट उचलायचं नसतं.